चाखणीचं बोट

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंत निपाणीच्या मराठी शाळेत गेले, पाचवीच्या वयात भावंडं सांभाळायला घरी राहिले. त्यानंतर पेन धरलं ते सहीपुरतं. ओळ सरळ जावी म्हणून रेघांचा कागद आणलाय, तरी ती उतारावरून चालल्यासारखी खाली येते. वाचणाऱ्यानं माफ करावं.

आमच्या बचत गटातल्या बायका दिवाळीला हातानं लिहिलेला अंक काढतात. प्रत्येकीनं आपल्या कामाविषयी थोडं लिहून द्यायचं असतं. माझी सून रेखा गटात आहे. ती म्हणाली, "आत्ती, तुम्ही मिसरीचं लिवा." मी नको म्हटलं. चारचौघींत बोलायचं झालं तरी मी तोंडावर पदर धरते. पण दुपारी घरात कोणी नसतं, तेव्हा लिहून बघते आहे. द्यायचं की नाही ते नंतर ठरवीन.

माझं काम मिसरी भाजायचं. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. बायका ती बोटानं दाताला आणि हिरडीला लावतात, तोंडात धरतात आणि थुंकतात. सकाळी उठल्यावर लावतात, जेवल्यावर लावतात, काम करून कंबर धरली की लावतात. तंबाखूच्या वखारीत निवडायला जाणाऱ्या बायका भूक लागली की लावतात, म्हणजे भूक बसते. दात दुखला तर लावतातच. कित्येकींना मिसरीशिवाय सकाळी परसाकडं होत नाही. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

मला हे काम सासूबाईंनी शिकवलं. आमच्या घरातले, म्हणजे माझे यजमान, वखारीत हमाल होते, ते पानाचा चुरा स्वस्तात आणायचे. ते गेल्यावरही वखारीतून मला चुरा मिळत राहिला. तीन दगडांवर लोखंडी तवा ठेवायचा, खाली मंद जाळ. चुरा आधी पिवळा दिसतो, मग तांबडा होतो, मग धूर सुटतो. तो धूर डोळ्याला नुसता झोंबत नाही, छातीत जाऊन बसतो. म्हणून गल्लीतली माणसं कामावर गेली की भर दुपारी भाजायचं. काळा रंग आला की तवा लगेच उतरायचा. जरा उशीर झाला की राख. मग खलबत्त्यात कुटायची आणि जुन्या लुगड्याच्या कापडातून चाळायची.

पण रंगावर जाऊन भागत नाही. प्रत्येक भाजणी चाखून बघावी लागते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर चिमूटभर घ्यायची आणि खालच्या पुढच्या चार दातांच्या मुळाशी लावायची. कच्ची असली तर आग होते आणि उचकी लागते. जास्त झाली तर तोंडात नुसता कोळसा. बरोबर जमली तर आधी गार लागतं, मग कानापर्यंत ऊब चढते. सासूबाई म्हणायच्या, चाखल्याशिवाय दिलेली मिसरी म्हणजे मीठ न बघता वाढलेली आमटी. चाखणीची जागाही त्यांनीच दाखवली. ती मी कधी बदलली नाही.

गिऱ्हाईकं सगळी बायका. एक मास्तरांच्या घरातली होती, ती मिसरी हा शब्द तोंडातून काढत नसे. "आमचं दंतमंजन झालंय का?" असं दारातून विचारायची आणि पुडी पिशवीत तळाला, भाजीखाली ठेवायची. एक खानापूरकडची सून गल्लीत लग्न होऊन आली, ती येताना ब्रश घेऊन आली होती. बायका तिला हसल्या. वर्षभरात तीच माझ्याकडं पुडी न्यायला आली आणि म्हणाली, सासूची आहे. पण तिचं काळं झालेलं बोट मला दिसत होतं.

आणि तुळसाक्का. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, तरी तिला मिसरी लागायची. मी एकदा विचारलं, दात नाहीत तर कशाला लावतेस? ती म्हणाली, "दात गेलं, सवय जायाची ऱ्हायली." रिकाम्या हिरड्यांवरून बोट फिरवून ती माझ्या मिसरीची वाखाणणी करायची. शेवटी तिच्या गालात आत पांढरा चट्टा आला होता. चहानं भाजलं असं सगळे म्हणाले. मग तिला जेवण जाईना, आणि ती गेली. वयानं गेली की कशानं, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता कोणाला विचारावं तेही कळत नाही.

माझे खालचे चार दात हलायला लागले तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्यात दात हलतातच. आधी लवंग धरायची, मग मिसरी, मग औषधाच्या दुकानातली गोळी. त्यानंही थांबलं नाही तर दात काढायचा. दात काढणं स्वस्त, राखणं महाग, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. निपाणीतल्या एका डॉक्टरांनी बघून सांगितलं, चारही काढा आणि कवळी बसवा, आणि आकडा सांगितला. मी बरं म्हणून उठले आणि परत गेले नाही. पण भाकरी तुटेना झाली. कुस्करून, दुधात कालवून खायला लागले. हुरड्याच्या दिवसांत सगळी खात होती आणि मी बघत बसले होते. रेखानं ते बघितलं.

तिला कोणीतरी सांगितलं की बेळगावात दातांचं कॉलेज आहे, तिथं शिकणारी मुलं कमी पैशात करतात. कोल्हापूर आम्हाला जवळ, पण ते महाराष्ट्रात आणि आमची निपाणी कर्नाटकात. तिथं आमचं रेशन कार्ड चालत नाही. बेळगावला जायला बायकांना कर्नाटकच्या गाडीत तिकीट पडत नाही. म्हणून स्टँडवर महाराष्ट्राची गाडी आली की सोडायची आणि कर्नाटकची येईपर्यंत उभं राहायचं. गाडी फुकट आहे, पण दिवस फुकट नाही. त्या दिवशी भाजणी होत नसे, आणि रेखाही शिवणकाम सोडून माझ्याबरोबर यायची.

तिथं मला एका शिकाऊ डॉक्टरबाईंकडं दिलं. वयानं रेखापेक्षा लहान, घरची भाषा कन्नड, मराठी अडखळत बोलायच्या. मला अज्जी म्हणाल्या. मी अजून आजी झाले नव्हते. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, तंबाखू खाता का? मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले नव्हते. तंबाखू खातात ती पुरुष माणसं, चुना लावून मळून. मिसरी खायची नसते, लावायची असते. त्यांनी "नाही" असं लिहिलं. मग माझा हात खुर्चीच्या दांड्यावर होता तिकडं त्यांची नजर गेली. पहिलं बोट पेरापर्यंत काळं, नखात काळं. त्यांनी तो शब्द खोडला. मी बोट मुठीत घेतलं.

नंतर मोठे सर आले आणि त्यांच्यामागून मुलांचा घोळका. सगळे वाकून माझ्या तोंडात बघायला लागले. मी जन्मात नवऱ्यासमोर मोठ्यानं हसले नव्हते आणि इथं परकी पोरं माझ्या हिरड्यांवर लोखंडाची बारीक काडी टेकवून आकडे सांगत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखतंय का, असं सरांनी विचारलं. मी मान हलवली. दुखत नव्हतं, पण काय सांगायचं?

मग बाईंनी मशीननं दातांवरचं किटण काढलं. "उगळ्री, अज्जी," असं बाई म्हणायच्या, की मी थुंकायची. काळे तुकडे पडत होते. घरी येऊन आरशात बघितलं तर दातांत फटी, आणि दात आधीपेक्षा जास्त हलत होते. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, किटणानं दात धरून ठेवले होते, ते काढलं म्हणून हलतात. मलाही तेच वाटलं. भिंतीचं लिंपण काढलं तर विटा हलणारच.

मिसरी बंद करा असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी लावायची बंद केली. चाखणी चालू ठेवली, कारण ते काम आहे. चाखलं की लगेच चूळ भरायची. आणि मिसरी बंद केल्यावर रक्त यायला लागलं. इतकी वर्षं कधी आलं नव्हतं. ब्रश लावला की रक्त, भाकरीच्या तुकड्याला रक्त. काही दिवस कळ काढली आणि मग घाबरून परत लावायला लागले. दोन दिवसांत रक्त थांबलं. आता सांगा, औषध कुठलं आणि दुखणं कुठलं?

हे मी पुढच्या खेपेला बाईंना सांगितलं. मला वाटलं त्या माझी चूक झाली म्हणून रागावतील, नाहीतर त्यांची चूक झाली असं म्हणतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. मिसरीनं हिरडीचं रक्त आटतं, म्हणून बाहेर काही दिसत नाही, आत मात्र हाड झिजतच असतं, असं त्यांनी सांगितलं. बंद केल्यावर रक्त येतं म्हणजे हिरडीत जीव परत येतोय. नीट घासत राहिलं तर ते थांबेल. मी हो म्हटलं. परत येताना गाडीत मी विचार करत होते. ज्यानं बरं वाटतं ते वाईट, आणि ज्यानं रक्त येतं ते चांगलं. माणसानं मग कशाच्या भरवशावर राहायचं? अजूनही हे मला पुरतं उमगलेलं नाही. मी फक्त बाईंच्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवला आणि लावायची परत बंद केली.

हिरडी उघडून आतून साफ करायची आणि चारही दात बारीक तारेनं एकमेकांना बांधायचे, असं ठरलं. कॉलेजात स्वस्त असलं तरी आमच्या घरात तेवढे पैसे नव्हते. माझा मुलगा बेळगावात कारखान्यात आहे, त्याचा पगार खोलीभाड्यात आणि घरखर्चात संपतो. रेखानं मला न विचारता गटात कर्ज मागितलं.

गटाचे पैसे गौरव्वा सांभाळते. ती बाजारात भाजी विकते, आवाज मोठा, मनात आलं ते तोंडात. मिसरीसाठी माझ्याकडं सगळ्यात जास्त येणारी तीच. बोट जिभेला लावून नोटा मोजते. ते बोट मिसरीचं, म्हणून तिच्या हातातून गेलेल्या नोटेवर काळा ठिपका असतो. बँकेतले साहेब ठिपका बघूनच म्हणतात, हे गौरव्वाच्या गटाचे पैसे.

रेखानं घरी येऊन सांगितलं ते असं. दातांसाठी कर्ज म्हटल्यावर सगळ्या हसल्या. लग्नाला कर्ज काढतात, म्हशीला काढतात, पत्रा घालायला काढतात, दाताला कोण काढतं? एक म्हणाली, पन्नाशीनंतर दात राखून काय लग्नात मिरवायचंय? तेव्हा गौरव्वानं सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, "मालनआक्काचं दात गेलं तर आपली मिसरी कोण चाखणार? द्या तिला." आणि कर्ज मंजूर झालं.

ऑपरेशन झालं. टाके पडले, तोंड सुजलं, आठवडाभर पेज प्याले. टाके काढायच्या दिवशी मी धीर करून बाईंना विचारलं, लावायची नाही हे कळलं, पण चाखायला चालेल ना? त्यांना चाखणं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. मी सगळं सांगितलं, तवा, बोट, जागा. त्यांनी मला दाखवायला सांगितलं. मी रिकामं बोट खालच्या चार दातांपाशी नेलं. मग त्यांनी माझ्या तोंडाचा एक्स-रे फोटो समोर धरला. सगळ्यात जास्त हाड तिथंच गेलं होतं. "अज्जी, चाखायचं पण नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर ही तार कशाला बांधली?"

घरी आल्यावर मी तव्याकडं बघत बसले. मिसरी बंद केली तर हप्ता कुठून भरणार? न चाखता भाजून बघितलं. पहिली भाजणी कच्ची गेली, एका बाईला उचक्या लागल्या. दुसरी जळाली. गौरव्वा पुडी परत घेऊन आली आणि म्हणाली, "ही काय मिसरी हाय व्हय? चुलीतली राख बरी."

तिसऱ्या भाजणीच्या वेळी रेखा बाहेर आली. मी खाली बसून पूड चाळत होते. ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आत्ती, तुमी नका चाखू. मी चाखती. मला सांगा कसं लागाय पायजे ते." आणि फडक्यातली चिमूट तिनं बोटावर घेतलीसुद्धा.

रेखाच्या हिरड्या गुलाबी आहेत. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी तिचे दात बघितले होते, बाजारात गाय बघतात तसे. लाज वाटते सांगायला, पण बघितले होते. ती आमच्या घरात आल्यापासून मीच तिला मिसरीपासून लांब ठेवली होती. तेव्हा कारण मलाही सांगता आलं नसतं. तिनं ओठ खाली ओढला आणि बोट त्याच जागेवर नेलं, जी जागा सासूबाईंनी मला दाखवली होती.

मी तिचं मनगट धरलं. फडकं उलटलं, सगळी पूड मातीत गेली.

"मग हप्ता कशानं भरायचा?" तिनं विचारलं.

मी तिचं बोट पदरानं पुसत राहिले. ते स्वच्छ झालं तरी पुसत होते. त्यानंतर मी मिसरीसाठी तवा चढवला नाही.

बायकांनी महिनाभर माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही. गटाच्या बैठकीला रेखाबरोबर हप्ता द्यायला गेले तेव्हा गौरव्वा सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या पैशानं दात बांधून घेतलंस, आन् आमचीच मिसरी बंद केलीस. लई शानी हायस." सगळ्या हसल्या. मी पदर तोंडावर घेतला. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कर्ज त्यांनी मिसरीसाठीच दिलं होतं.

मी बंद केली म्हणून कोणाची सुटली, असंही नाही. बायका दुकानातून तयार पुडी आणायला लागल्या. ती माझ्यापेक्षा कडक आहे आणि महागही. मग मी चांगलं केलं की नुसतं माझं गिऱ्हाईक घालवलं? रेखा म्हणते चांगलं केलं. ती माझी सून आहे, ती तसंच म्हणणार.

हप्ते मी मसाल्यावर भरले. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसणाची चटणी करतात. त्याचं खोबरं, धने, तीळ, गरम मसाला भाजून द्यायला घरोघरी माणूस लागतं. भाजायला माझा हात बसलेलाच होता. मसाला चाखावा लागत नाही, वासावर कळतो. जुना तवा कितीही घासला तरी खोबऱ्याला तंबाखूचा वास लागायचा, म्हणून नवा घ्यावा लागला आणि त्या महिन्याचा हप्ता चुकला. जुना न्हाणीपाशी पालथा पडलाय. टाकायचं मन होत नाही. त्यानं आम्हाला जेवायला घातलं आहे.

दात राहिले. चार महिन्यांनी रक्त यायचं थांबलं. तार अजून आहे, जीभ लागली की कळते. या वर्षी मी हुरडा खाल्ला, हळू खाल्ला, पण दातांनी खाल्ला.

गेल्या आठवड्यात शेवटचा हप्ता होता. रेखाला शिवणकामाची घाई होती म्हणून मी एकटी गेले. बैठक गौरव्वाच्या घरात पुढच्या सोप्यात असते. मी लवकर पोचले, दुसरी कोणी आली नव्हती. गौरव्वा त्या दिवशी फारसं बोलत नव्हती. एरवी भाजीचे भाव आणि गिऱ्हाइकांची नक्कल चालते, तसं काही नाही. गालावर हात ठेवून बसली होती. मी नोटा पुढे केल्या. तिनं सवयीनं बोट जिभेला लावलं आणि मोजायला लागली.

माझं लक्ष तिच्या बोटाकडं गेलं. नखातला काळा रंग फिका झाला होता. नोटांवर काळा ठिपका उमटत नव्हता. शेवटच्या नोटेसाठी तिनं परत बोट तोंडात घातलं, आणि नोटेवर तांबडा ठिपका उठला.

तिनं तो बघितला. मी पण बघितला. तिनं पदरानं नोट पुसली, तर तो जास्तच पसरला.

"हे आसंच आसतंय काय गं?" तिनं हळू विचारलं. तिचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मला बाईंनी सांगितलेलं सगळं सांगायचं होतं, आटलेलं रक्त, आतलं हाड, पण त्यातलं मलाच किती कळलं होतं?

"व्हय," मी म्हटलं. "आसंच आसतंय. माझंबी आलं हुतं."

"थांबतंय?"

"माझं थांबलं."

मग ती नोट तिनं बाकीच्या नोटांच्या मधे घातली, सगळ्यांना एक रबर लावलं आणि डब्यात टाकल्या.

"फिटलं गं तुझं," ती म्हणाली.